घरात कोणी मशीनवर आहे का?

४ सप्टेंबर, गुरुवार

आधी पिवळीच आली. तो हिरव्या टोपीचा खालच्या शिंपिणीला सांगत सुटलाय की या जिन्यात पहिला पाय माझा पडला – धादांत खोटं! दार मी उघडलं, मला ठाऊक. पिवळी पावणेअकराला, हिरवा सव्वाअकराला, आणि तिसऱ्या कंपनीचे ते दोघं गोल गरगरीत, ते पार दुपार कलल्यावर. एका दिवसात चार माणसं आपल्या दारात! मागचं अख्खं वर्ष पिळून काढलं तरी चार निघायची नाहीत. एक कुरिअरवाला आला होता, तोही वरच्यांचा पत्ता विचारायला.

सगळे आले कशाला, तर वीज विकायला. वीज काय कांदे-बटाटे आहेत, दारोदार घेऊन फिरायला? पण तसंच झालंय म्हणे. पिवळीने नीट समजावलं. आपल्या भागात दोन वर्षं करून बघणार आहेत. तारा त्याच, खांब तेच, दिवाही तोच – फक्त वीज कुठल्या कंपनीकडून घ्यायची ते ज्याचं त्याने निवडायचं. जुनी आवडत असेल तर जुनी, नाहीतर या नव्या तिघांतली एक. आणि वर एक वीज आयोग बसवलाय, कोणी कोणाला फसवत नाही ना ते बघायला. दोन वर्षं बरी गेली तर मग सगळ्या शहराला हेच. म्हणजे आधी आमच्यावर चाखून बघणार! मी ह्यांना म्हटलं, "अहो, ऐकलंत का, आपण नमुना झालो." हे म्हणाले, "तू तर लग्नाच्या आधीपासूनच आहेस." छातीत एवढं घरघरतंय तरी जीभ शाबूत आहे माणसाची.

पिवळी म्हणजे पोरगी आहे, विशी-बाविशीची. अंगात पिवळंधमक जाकीट, आत दोन पोरी मावतील एवढं. नाव सांगितलं तिने, पण माझ्या तोंडी पिवळीच बसलं. चार जिने चढून आलेली, कानशिलावरून घाम. "आजी, पाणी मिळेल का?" पाणी दिलं. चहा टाकते म्हटलं तर म्हणाली, "उद्या. उद्या फॉर्म घेऊन येते, तेव्हा." उद्या येणार!

ही वही छकीने दिली. छकी म्हणजे मुलाची मुलगी, नऊ वर्षांची, लांब राहते. म्हणाली, "आजी, तुझं बोलणं फोनवर संपतच नाही, उरलेलं यात लिहीत जा." घ्या! मी दुसरीपर्यंत शिकलेली, तेही दुसरीच्या मधेच घरी बसवलं. काना-मात्रा चुकल्या तर वहीने पोटात घालाव्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बरोबर अकराला आली!! बिस्किटं काढून ठेवली होती, निळ्या कपांवरची धूळ पुसली होती.

मशीनचं लिहायचं राहिलं. ह्यांनी एकतीस वर्षं कपाटांच्या कारखान्यात रंग फवारला. कपाटं लोकांच्या घरी गेली, रंग ह्यांच्या छातीत राहिला. आता पलंगापाशी हवेचं मशीन आहे, छोट्या कपाटाएवढंच – नशीब बघा, कपाट काही सुटलं नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून नळीने नाकात सोडतं. दिवसाचे सोळा तास लागतं. विजेवर चालतं आणि घूं-घूं करतं सारखं.

हे त्या मशीनला लाजत नाहीत. लाजते मी. लाजते म्हणजे काय – भीती वाटते. मागे ह्यांची बहीण आली होती, चपला काढल्या, आवाज ऐकला, नळी बघितली आणि दहा मिनिटांत "आजारी माणसाला त्रास नको गं वहिनी" म्हणून जिना उतरली. ती काही परत आली नाही. तेव्हापासून माझा नियमच आहे. बेल वाजली की मी म्हणते, "अहो, अर्धा तास!" की हे मशीन बंद करून आतल्या खोलीत बसतात, दार लावून, रेडिओ लावून. अर्धा तास निभतो त्यांना. बिचारे कधी कुरकुरत नाहीत. "जा, मार गप्पा," म्हणतात.

तर पिवळी बसली. हातात ती काचेची पाटी. नाव विचारलं, मीटरचा नंबर विचारला, घरात माणसं किती. मग म्हणाली, "घरात कोणी मशीनवर आहे का आजी? श्वासाचं, किडनीचं, असं काही?"

मी म्हटलं, "नाही गं बाई! दोघंच आहोत. ठणठणीत!"

तोंडातून निघूनच गेलं. हो म्हटलं असतं तर तिचं तोंड तसं झालं असतं, ते नणंदेसारखं. "काळजी घ्या हं आजी," आणि चालली. तिने पाटीवर बोट टेकवलं, पुढचा प्रश्न. सही केली मी – पाटीवर बोटाने! कोंबडी चालल्यासारखी उमटली. आम्ही दोघी हसलो. मग तास कसा गेला कळलं नाही. म्हणाली, "लोक साखळी लावून फटीतून बोलतात आजी. आज सकाळपासून 'बस' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." आईची नक्कल करून दाखवली, तिच्या साहेबाची करून दाखवली. मला हसून हसून ठसका लागला.

ती गेली आणि आत गेले तर हे भिंतीला टेकून बसलेले, ओठ जांभळट. तास झाला होता ना. मशीन लावलं. दहा मिनिटांनी बोलले. "मशीनचं सांगितलंस ना तिला? मशीनवाल्यांच्या यादीत नाव घालायचं?"

"सांगितलं की," म्हटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

छकीचा फोन. कोंबडीच्या सहीचं सांगितलं. तिने तीनदा सांगायला लावलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मीटरवाला आला होता. जिन्याखाली आमचे सगळ्यांचे मीटर आहेत, आमच्या मीटरवर लाल पट्टी होती. ती जुन्या कंपनीची – या घरात मशीनवर माणूस आहे, वीज बंद करायची असेल तर आदल्या दिवशी फोन करा, अशी. त्या पट्टीसाठी हे दोन दिवस रांगेत उभे राहिले होते, तेव्हा उभं राहता यायचं. फोन यायचाही बरं का! "आजोबा, उद्या दहा ते बारा नाही." मग आम्ही सिलिंडर तयार ठेवायचो. घरात प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर आहे, अडीअडचणीला.

त्याने लाल पट्टी नखाने सोलली आणि पिवळी चिकटवली. मी म्हटलं, "ती राहू दे ना."

"मावशी, ती यादी जुन्या कंपनीची. तुम्ही आता नव्या कंपनीत. नवीने सांगितलं तर नवी लाल लावीन. माझ्या कागदावर तुमच्या घरापुढे काहीच नाही."

शिंपीण दारात उभी होती. ती म्हणाली, "हे काय बाई! कंपनी बदलली म्हणून आतला माणूस बदलतो का? यादी मीटरबरोबर नको जायला?" तो म्हणाला, "ते आयोगाला विचारा, मी पट्ट्या लावतो."

मग ठरवलं, पिवळी आली की सांगायचं. चुकून नाही म्हटलं होतं, लिही हो म्हणून. एक बोट टेकवायचं काम.

२७ सप्टेंबर, शनिवार

पिवळी आली. काम नव्हतं, जिन्यावरून जात होती म्हणून आली!! मी तिचं जाकीट काढून घेतलं आणि खाली शिंपिणीकडे नेलं, दोन्ही बाजूंनी आवळून आणलं. घालून आरशात बघत राहिली. "आजी, आता मी माणसासारखी दिसते." तिला म्हटलं, आधी काय खांबासारखी दिसायचीस?

सांगणार होते. तिने विचारलं, "आजोबा कुठे असतात हो? कधी दिसतच नाहीत." मी म्हटलं, "फिरायला गेलेत."

फिरायला! आत बसले होते, भिंतीपलीकडे.

आता सांगू कसं? सांगितलं तर दोन खोटी एकदम उघडी पडतात. पुढच्या वेळी नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार

पिवळी आली नाही. मुलाचा फोन, अडीच मिनिटं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल दिवसभर हातात पेन धरवलं नाही.

काल दहाच्या सुमारास मी खाली शिंपिणीकडे गेले होते. काम काही नव्हतं. तिला सांगत होते की मी कंपनी कशी निवडली, जसं काही मुलीला स्थळ निवडलं! तेवढ्यात तिचं शिलाई मशीन थांबलं. पंखा थांबला. ती म्हणाली, "गेली वाटतं."

मी म्हटलं, "येईल गं दोन मिनिटांत. मोठी जायची असती तर काल फोन आला असता."

असं म्हणाले मी! आणि बसले. चांगली वीस मिनिटं बसले. तिच्या जावेचं काहीतरी सांगत होती, मी मान डोलावत होते. फोन आला नाही म्हणजे वीज लगेच येणार – तीन वर्षांची सवय. मग एकदम डोळ्यापुढे तो नखाने सोलणारा मीटरवाला आला.

चार जिने मी कशी चढले देवाला माहीत. हे खाली पडलेले, पलंग आणि कपाटाच्या मधे. सिलिंडर ओढून आणला होता, किल्ली हातात होती. फिरलीच नव्हती. एवढी घट्ट, माझ्याच्याने पण हलेना. मी ओरडले. मागून शिंपीण आली, तिच्याकडे पकड होती, तिने जीव लावून फिरवली. सूं झालं. तोवर ह्यांचे ओठ – नको, लिहीत नाही.

वीज दोनला आली. तारांचं काम होतं, आधीच ठरलेलं. बाकीच्यांना म्हणे दारावर चिठ्ठी लावली होती, खाली. मला वाचायची घाई कुठे असते.

हे दवाखान्यात आहेत. आवाज नाही पण माणसं ओळखतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

घरी आणलं. जिन्यावरून खुर्चीत बसवून आणलं. आता चोवीस तास मशीन. माझा "अर्धा तास" संपला.

मुलगा फोनवर ओरडला. "कोणी सही केली? कोण होती ती? तिने विचारलं नव्हतं का?" मी फोन ह्यांच्या कानाला लावला. हे तुटक तुटक म्हणाले, "आईने – सांगितलं होतं – पोरीने पुढे – कळवलंच नाही." मग माझ्याकडे बघून डोळे मिटून मान हलवली. तुझा दोष नाही, अशी.

मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप परत धुतले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पाहुणे आले, पण असे नको होते. मुलाने तक्रार केली होती, म्हणून आयोगाची माणसं. एक चष्मेवाली बाई, बोलायला गोड, आणि एक लिहिणारा, जो मान वर करतच नाही. मशीन घूं-घूं करत होतं आणि कोणी उठून गेलं नाही! चष्मेवाली तर स्टूल ओढून ह्यांच्या पायाशीच बसली. म्हणजे मी इतके दिवस... असो.

तिने नियम सांगितला, मी दोनदा विचारून घेतला. मुलीने मशीनचं विचारलंच नसेल, तर चूक कंपनीची. मग आम्ही लगेच जुन्या कंपनीत आणि लाल पट्टी पुढच्या आठवड्यात. विचारलं असेल आणि घरातून कोणी नाही म्हटलं असेल, तर बारा महिने हीच कंपनी. तिच्या यादीत नाव चढवायचं तर कागद, तपासणी, तीनेक महिने धरा.

"आणि तीन महिन्यांत पुन्हा गेली तर?" मी विचारलं.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "म्हणूनच खरं काय झालं ते कळायला हवं आजी. सगळ्या शहराला हे लागू करायच्या आधी चूक कुठे होते ते सापडलं पाहिजे."

हे म्हणाले, "लिहा – सांगितलं होतं."

लिहिणाऱ्याने विचारलं, "मुलीने विचारलं आणि आजींनी सांगितलं? की मुलीने विचारलंच नाही?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चहा उतू जातोय. खरंच जात होता.

११ तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये सुनावणी आहे, तिथे सांगा म्हणाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

किती सोपं आहे! जायचं आणि म्हणायचं, "विचारलं होतं, मीच नाही म्हटलं." एका श्वासात होतं. पण मग बारा महिने. रात्रंदिवस तो सिलिंडर, ती किल्ली. शिंपीण नेहमी घरात असेल असं थोडंच आहे. आणि ह्यांनी विचारलं की का नाही म्हटलंस, तर काय सांगू? की मला बिस्किटं खायला कोणीतरी हवं होतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो. हे हट्टाने आले, खुर्चीत, शेजारी सिलिंडर. वर टेबलामागे तिघं साहेब, बाजूला कंपन्यांचे वकील, खाली आम्ही नमुने. पन्नासेक माणसं असतील. एकाच्या दोन कंपन्यांच्या सह्या झाल्या होत्या, एकाच्या बिलावर मेलेल्या बापाचं नाव. पिवळी नव्हती. पिवळ्या कंपनीचा वकील म्हणाला, "आमच्या मुली हा प्रश्न प्रत्येक घरात विचारतात." हे खोकत खोकत हसले.

माझं नाव पुकारलं. माइक माझ्या हनुवटीशी आणला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "आजी, त्या मुलीने तुम्हाला घरात कोणी मशीनवर आहे का, असं विचारलं होतं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सरळ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, नाकात नळी. शेजारच्याला म्हणत होते, हळू म्हणाले तरी मला ऐकू आलं, "माझी बायको – बडबडी आहे – पण खोटं नाही."

"नाही साहेब. विचारलंच नाही."

टाळ्या वाजवल्या लोकांनी. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजल्या.

घरी येताना हे माझा हात धरून होते, "तिने विचारलं नाही – तरी तू सांगितलंस," म्हणत होते. मी सोडवून घेतला, म्हटलं सिलिंडर सांभाळा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लाल पट्टी लागली! तोच मीटरवाला. मी खाली उतरून स्वतः हाताने दाबून बघितली. जुन्या कंपनीचा फोन आला, "आजोबा, तुमचं नाव यादीत परत घेतलंय." जीव भांड्यात पडला. दुपारी हे दोन तास शांत झोपले. मी मशीनचं घूं-घूं ऐकत बसले, अंगाईसारखं वाटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आयोगाने दारावर वीज विकायला बंदी केली. शिंपिणीने पेपरातून वाचून दाखवलं. "एका वृद्ध ग्राहक महिलेच्या साक्षीनंतर" असं आलंय. ती म्हणाली, "काकू, पेपरात आलात!" आणि पुढे म्हणाली, "पण यादी मीटरबरोबर जात नाही त्याचं काहीच नाही हो यात. तेवढं तसंच ठेवलं."

म्हणजे चूक होती तिथेच आहे. माझ्यामुळे त्यांनी भलत्याच जागी मलम लावलं.

बेल वाजत नाही. हिरवा नाही, गरगरीत नाहीत. सकाळी अकरा वाजले की कान आपोआप दाराकडे जातात.

३ डिसेंबर, बुधवार

वाजली आज. उघडलं तर पिवळी. जाकीट नव्हतं, मी आधी ओळखलंच नाही. साध्या कपड्यात किती लहान दिसते!

कामावरून काढलं तिला. "प्रश्न न विचारता विचारला असं लिहिलं" असा ठपका. आता दुसरी कंपनीही घेत नाही. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दारातच उभी राहिली, आत मशीनचा आवाज येत होता, तो ऐकत राहिली. म्हणाली, "हे तेव्हाही होतं?"

मी पदराने दाराची कडी पुसत राहिले.

"आजी, समोरच्या इमारतीत पण एक काका आहेत मशीनवर. त्यांच्या सुनेनेही मला 'नाही' असंच सांगितलं होतं, नंतर कळलं. लोक लपवतात. मी साहेबांना म्हणत होते, असं दारात पटकन विचारू नका, वेगळं विचारा. कोणी ऐकलं नाही." मग अगदी हळू, "मी विचारलं होतं ना आजी? मला आता माझीच खात्री वाटत नाही. घरी आई पण म्हणते, विसरली असशील."

आतून ह्यांचा आवाज, "कोण आहे गं?"

ती माझ्याकडे बघत होती. पलंगावरून दार दिसतं. ह्यांना सगळं ऐकू जातं.

मी म्हटलं, "नाही गं पोरी. तू नाही विचारलंस."

तिने मान हलवली. पाणी देऊ का म्हटलं, नको म्हणाली. चार जिने उतरली, मी प्रत्येक पायरी ऐकली. खाली पोचेपर्यंत एकदाही थांबली नाही.

हे म्हणाले, "आली होती का ती? तोंड आहे तिला यायला!"

४ डिसेंबर, गुरुवार

छकीचा फोन होता. म्हटलं घसा बसलाय.

८ डिसेंबर, सोमवार

चष्मेवालीला फोन करायचा. नंबर फ्रिजवर लावलाय. दोनदा उचलला. पहिल्यांदा तिथे कोणी घेतलाच नाही, दुसऱ्यांदा कोणीतरी "हॅलो" म्हणालं आणि मी ठेवून दिला.

खरं सांगितलं तर पट्टी काढतील का? एवढंच कोणाला तरी विचारायचं होतं. पण ते विचारणं म्हणजेच सांगणं झालं ना.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चष्मेवाली आणि लिहिणारा आले होते. आनंदात होती बाई. म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी चांगली बातमी! त्या पाटीवर प्रत्येक घरातलं बोलणं आपोआप साठतं. कंपनी म्हणत होती पाच सप्टेंबरचं हरवलं. आम्ही मागे लागून काढून घेतलं. पूर्ण तासाचं आहे. ग्राहकासमोरच उघडायचा नियम आहे, म्हणून अजून कोणी ऐकलं नाही. आता तुमचं म्हणणं पक्कं होईल, मग कोणी तोंड वर करायचं नाही."

हे उठून बसले. किती दिवसांनी त्यांना एवढं खुश बघितलं! "लावा – मोठ्या आवाजात – मला ऐकायचंय."

पिवळीही येणार आहे.

मंगळवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला येतो म्हणाले. दोघांनीही घरी असायचं.